धुईचा रंग

"बाबा, धुई कोण्या रंगाची असते?"

रुपाचा तो आवाज अजून कानात आहे. आसेगावच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. त्या सकाळी नीळ कालवत होतो. मान न उचलता म्हणालो, "जाऊन पाह्य."

धुई म्हणजे तुरीचा फुलोर जाळणारं दाट धुकं. सात वर्षांची पोर परकर सावरत त्यात गेली. दुपारी ऊन पडल्यावर विहिरीत सापडली. त्र्याहत्तरचा पौष होता.

धुईत आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. चकवा दोनदाच हाक मारतो म्हणे. तिसरी हाक माणसाची. त्या दिवसांत हजेरीला प्रत्येक नाव तीनदा घ्यावं लागे. तोवर कोणी 'हजर' म्हणत नसे. मी हसायचो.

मग वर्षभर मी एकच चित्र रंगवलं. पुरुषभर लांब मांजरपाट, पांढरी माती, नीळ, तुराट्यांची राख. त्यात झाड नाही, वाट नाही. नुसती धुई. शेजारचे भिवाजी म्हणाले, "मास्तर, पोतारा भिंतीले देतेत, कापडाले कायले?"

माझी बायको सोजर चित्राकडे पाठ करून भाकरी थापायची. वर्षात तिनं रुपाचं नाव काढलं नव्हतं. मनातून ती मलाच दोष देते, हे मी धरून चाललो होतो. तिनं एकदा तोंडावर बोलून टाकावं, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या पौषात पहिली धुई पडली. सकाळी चित्राच्या तळाशी बोटभर करडा डाग. भिंतीची ओल असेल, म्हणून चित्र काढून मधल्या खांबाला टांगलं. डागावर बोट फिरवलं. कोरडा होता. मागे भाकरी करपल्याचा वास सुटला, तरी सोजर हलली नाही.

दुसऱ्या दिवशीही धुई. शाळेच्या फूटपट्टीनं डाग मोजला. नऊ इंच. तो पसरला नव्हता. लांबून येणारं माणूस मोठं होत जातं, तसा वाढला होता. खोलीत शेवाळाचा वास होता.

"तुमाले काही आयकू आलं?" सोजरनं विचारलं.

"नाही."

तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

तिसऱ्या सकाळी मोजायची गरज नव्हती. दाराच्या चौकटीवर रुपाच्या उंचीची कोळशाची खूण होती. डाग त्या खुणेएवढा उंच झाला होता.

सोजर चित्रापुढे जाऊन बसली.

"तिनं दोनदा हाक मारली होती. माय, माय, म्हणून. विहिरीकडून. मी चुलीपाशीच होती."

मी चौकटीवरच्या खुणेवर हात ठेवला.

"मी तिसरीची वाट पाहून राह्यली."

बाहेर पाखराचाही आवाज नव्हता. मला काही ऐकू आलं नाही.

सोजरनं मात्र मान वर केली. दोन्ही तळवे कापडाला लावले. तिच्या बांगड्यांवरून पाणी ओघळलं.

"ओ," ती म्हणाली. "ओ, रुपा."