दोन पौंडांची पिशवी

माझी नात सृष्टी दहावी झाली, त्या वर्षी, म्हणजे २०२३च्या ऑगस्टात, आम्ही चौघे पुण्याहून स्पितीला निघालो. माझा धाकटा भाऊ सर्जेराव कारखान्यातून निवृत्त झाला होता. तिथलं एक बिननावाचं, सहा हजार मीटरचं शिखर त्याने वीस वर्षं मनात धरलं होतं. बरोबर त्याची मुलगी शेफाली आणि जावई अर्णव. मी गाडी चालवायला आणि भाकरी थापायला. बिबवेवाडीतलं माझं पंक्चरचं दुकान महिनाभर बंद.

वाटेत नाल्याला पूर आला, गाडी सोडावी लागली. पुढे दरडीने एक तंबू आणि निम्मं रॉकेल नेलं. तरी आठव्या दिवशी पाच हजार मीटरांवर, शिखराच्या पायथ्याशी पोचलो. निळसर बर्फाची धार उन्हात चमकत होती आणि सर्जेराव जेवण विसरून तिच्याकडे बघत बसला होता.

सकाळी शेफाली झोकांड्या खात तंबूबाहेर आली आणि कोसळली. उंचीचा आजार! मेंदूला सूज! खाली उतरवणं हाच खरा उपाय. पण हिमवादळ सुरू झालेलं, चार हातांवरचं दिसेना.

मग भाड्याने आणलेली दाबाची पिशवी काढली. आजाऱ्याला आत निजवून चेन लावायची आणि पायपंपाने हवा भरायची. आतल्याला दीड हजार मीटर खाली उतरल्यासारखं होतं. पुस्तिकेत लिहिलं होतं : दोन पौंड, म्हणजे १०३. अर्णवने काटा १०३वर आणला आणि पंप मारत राहिला. तास गेला. पिशवीच्या प्लास्टिक काचेतून दिसणारे शेफालीचे ओठ निळेच. हाकेला उत्तर नाही.

मी पिशवीवर अंगठा दाबला. फारच आत गेला. शिवाय दाब पुरा झाला की झडप फुसफुसते, असं पुस्तिकेत होतं. ती गप्प होती. मी अक्षरं चाळिशीत शिकलो, त्यामुळे सगळं बोट ठेवून वाचतो. पुस्तिकेतले १०३ होते पाऱ्याचे मिलिमीटर. काट्याखाली लिहिलं होतं मिलिबार. भाड्याने देणाऱ्याने काटा बदलला होता!

अर्णवला पटेना. पिशवी फाटली तर आहे तेही जाईल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं, की नव्या गाड्यांच्या दारावर २.३ बार लिहिलेलं असतं, मी तेहतीस पौंड भरतो. बारला साडेचौदा पौंड. म्हणजे हजार मिलिबारला साडेचौदा, आणि दोन पौंडांना एकशे अडतीस. आपण दीड पौंडावरच थांबलोय.

"आणि चुकलात तर, काका?"

सर्जेराव बोलला, "जावईबापू, दादाने आजवर एक ट्यूब फाडलेली नाही. सरका."

मी पंपावर उभा राहिलो. ११०. १२०. कापड करकरलं. १३०! श्वास पुरेना. १३८! झडप फुसफुसली!

आम्ही तिघे आळीपाळीने पंप मारत राहिलो. चार तासांनी आतून काचेवर टकटक झाली.

"अजून किती वेळ कोंडून ठेवणार आहात?" शेफालीचा आवाज!

दुपारी वादळ निवळलं. शिखर स्वच्छ दिसत होतं, एका दिवसाच्या चालीवर. अर्णव मला उतरवेल, तुम्ही दोघे जा, असं शेफाली म्हणाली. सर्जेराव क्षणभर वर बघत राहिला. मग त्याने दोर गुंडाळला आणि तिची सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली.

"चल, पुढे हो. मला दिसत राहा."

तिसऱ्या दिवशी आम्ही खाली गाडीरस्त्याला पोचलो. शेफाली पूर्ण बरी झाली.

सर्जेराव पुन्हा तिकडे गेला नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी तो पुण्यात हृदयविकाराने वारला. शेफाली त्याच्या उशाशी होती.