गाण्यांचा काळा डबा

गौरी-गणपती उठून दोन दिवस झाले होते, तरी पाऊस काही पुणं सोडायला तयार नव्हता. जुन्या बाजारातले विक्रेते सर आली की मालावर निळं प्लास्टिक ओढत होते आणि ऊन पडलं की शिव्या घालत ते काढत होते. अशाच एका प्लास्टिकखालून दीक्षाने एक जाडजूड काळा गेम कन्सोल ओढला… आणि तो जागचा हलेना. पलीकडून कुणीतरी तोच ओढत होतं.

"अहो, हा मी धरलाय," ती म्हणाली.

"तुम्ही डबा धरलाय. वायर मी धरलीय." पलीकडच्या तरुणाच्या चष्म्यावर थेंबच थेंब होते, त्यामुळे त्याचे डोळे काही दिसेनात, ओठांच्या कोपऱ्यातलं हसू मात्र दिसलं. "वायरीशिवाय डबा काय कामाचा?"

"आणि डब्याशिवाय वायरीचं काय करणार? कपडे वाळत घालणार?"

तो मोकळेपणाने हसला. दीक्षाने त्याच्याकडे दुर्लक्ष करून विक्रेत्याला विचारलं, "चालू आहे ना?"

"एकदम चालू, ताई."

"लावून दाखवा मग."

"आता इथं लाईट कुठनं आणू?"

तरुणाने डबा उलटा केला आणि तळाशी बोट फिरवलं. "हा कुणीतरी आधीच उघडलाय. आत फेरफार केलेला दिसतोय. म्हणजे गेमशिवाय दुसरंही काही चालवता येईल याच्यावर."

"माहितीये. म्हणूनच हवाय."

आता मात्र त्याने चष्मा काढून पुसला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. तपकिरी, जरा झोपाळू डोळे. त्याने वायरीची गुंडाळी करून तिच्या हातात ठेवली. "घ्या. पण एक सांगाल? करणार काय याचं?"

"पप्पांसाठी टीव्हीवर गाणी लावायचा डबा करणार आहे."

"त्यासाठी तर हल्ली बोटाएवढी यंत्रं मिळतात—"

"बोटाएवढी यंत्रं आणि मुगाएवढी बटणं," दीक्षा म्हणाली. "पप्पांना चालत नाहीत ती."

आणि मग, का कोण जाणे, तिने त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. तिचे पप्पा, धोंडिबा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी सांभाळून आयुष्यभर गायन पार्टीत भीमगीतं गायली. चौकाचौकात, वस्तीवस्तीत. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात जवळजवळ लुळा पडला. बोलताना शब्द सापडेनासे झाले. कार्यक्रमांची जुनी चित्रणं घरात होती, पण नवा टीव्ही त्या फाइली ओळखतच नव्हता. मोबाइलवर कुणी लावून दिली की पप्पा तोंड फिरवायचे. पूर्वी मात्र पप्पा आणि ती भावाच्या अशाच कन्सोलवर गाड्यांच्या शर्यती खेळायचे. त्यांचा हात त्या दोन मुठींच्या कंट्रोलरला अजून ओळखत असणार, असं तिला पक्कं वाटत होतं.

"त्यांना कुणाला 'लाव' म्हणायला लागू नये," ती म्हणाली. "एवढंच करायचंय मला."

त्याचं हसू कधीच मावळलं होतं. "मी आमोद. हडपसरला एका कंपनीत आहे, पण जीव असल्या जुन्या डब्यांत. शनिवार पेठेत घर आहे. डाग द्यायचा कैया, कथील… म्हणजे सोल्डरिंगचं सगळं सामान आहे. मी करून देतो."

"करून नको. शिकवा."

"बरं बाई. शिकवतो."

पुढच्या रविवारी दीक्षा वारज्याहून बस पकडून शनिवार पेठेत गेली. दार आमोदच्या आईने, सुहासिनीबाईंनी उघडलं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या काखेतल्या डब्याकडे.

"अजून एक आला का? घरात माणसं कमी आणि मशिनं जास्त. या. चहा घेणार असाल तरच टाकते, नंतर 'नको नको' चालणार नाही."

"घेणार," दीक्षा म्हणाली.

"हं. बरी दिसतेय," बाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि आत गेल्या.

खिडकीपाशी टेबल होतं. दीक्षाने डबा उघडला, तेव्हा आत धुळीबरोबर एक चिकट तपकिरी डागही निघाला. आत घड्याळ चालवणारा एक छोटा कपॅसिटर असतो, तो वयोमानाने फुटून ओघळला होता. आमोद म्हणाला, "हा आधी काढला नाही तर सगळा बोर्ड खाईल. थांबा, मी—"

दीक्षाने नुसतं पाहिलं. त्याने हात मागे घेतला आणि तापलेला कैया तिच्यापुढे सरकवला.

ती वारज्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची, पण वितळलेल्या कथलाचा वास तिला नवा होता. पहिल्याच प्रयत्नात बोट भाजलं. आमोद धावत जाऊन गार पाणी घेऊन आला, वाटी तिच्यापुढे धरून उभा राहिला. तिचं बोट पाण्यात आणि त्याची नजर… बोटावर नव्हती.

"काय बघताय?"

"डाग पडलाय का ते."

"बोट इकडे आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. दीक्षाने मान खाली घातली, कारण आपलंही काही वेगळं झालं नसणार हे तिला कळत होतं.

मग रविवार येत गेले. लॅपटॉपपासून डब्यापर्यंत केबल जोडून त्यात चित्रणं दाखवणारा प्रोग्रॅम कसा घालायचा, हे ती शिकली. पहिल्यांदा पडद्यावर गेमऐवजी साधी यादी उमटली, तेव्हा तिने टाळी दिली, आणि मग दोघांचेही हात क्षणभर तिथेच राहिले. बसथांब्यापर्यंत सोडायला तो येऊ लागला. छत्री एकच असायची, आणि तो इतकं अंतर राखून चालायचा की त्याचा डावा खांदा दर वेळी भिजायचा.

"अहो, या ना आत. छत्री काही माझ्या एकटीची नाही."

"आत आलो तर मला बोलता येणार नाही."

"का?"

"…बस आली तुमची."

दसरा जवळ आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पप्पांच्या पार्टीतली मंडळी दरवर्षी घरी जमायची. यंदा पप्पांनी आईला, राधाबाईंना, बजावलं होतं, "नको. कुणी… नको." ज्या माणसाचा आवाज माइकशिवाय चौकापार जायचा, त्याला मित्रांसमोर अडखळायचं नव्हतं. दिवसदिवस ते खिडकीकडे तोंड करून बसत. दीक्षाने मनाशी ठरवलं: मंडळी येतील आणि पप्पाच गाणं लावतील. तिने पप्पांना न विचारता सगळ्यांना आमंत्रण दिलं.

आणि नेमका तेव्हाच डबा बंद पडला.

चूक तिचीच. डिस्कवर जागा करायला जुने गेम पुसताना तिने नको तो फोल्डर पुसला. डबा सुरू व्हायचा, बिघाडाचा एक आकडा दाखवायचा आणि तिथेच थांबायचा. तिने आमोदला फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं, आणि लगेच, "पण मी बघते," असंही म्हटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो न कळवता वारज्याला आला. हातात नवंकोरं बोटाएवढं यंत्र, त्यात सगळी गाणी भरलेली. टीव्हीला लावलं आणि गाणं सुरू झालं. आमोदने रिमोट पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी बटण दाबलं, ते दुसरंच होतं. पुन्हा दाबलं. रिमोट घसरून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. "लाव… तूच," एवढं म्हणून ते खिडकीकडे वळले.

दीक्षा आमोदला जिन्यात घेऊन गेली.

"काय केलंत हे?"

"उद्याच दसरा आहे. मला वाटलं, तुमची अडचण—"

"माझी अडचण तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितली होती! गाणं ऐकू येत नाही ही अडचण नव्हती. दुसऱ्याने लावून द्यावं लागतं, ही होती." तिने घराच्या दाराकडे बोट केलं. "तुम्ही पप्पांनाही करून दिलंत आणि मलाही."

आमोदने सबब सांगितली नाही. "चुकलं माझं," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिचं काळीज हललं, पण तिने हाक मारली नाही. हाक मारण्याआधी एक काम उरकायचं होतं.

दुपारी तिने त्यालाच फोन लावला.

"एकच प्रश्न आहे. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर वाचता येत नाहीये."

पलीकडून जपून आवाज आला, "उत्तर सांगू… की इशारा?"

"इशारा."

"डिस्कला कुलूप आहे, किल्ली डब्याकडे. डबा जागा झाला की कुलूप उघडतो. आणि डिस्कचा वीजपुरवठा तुटेपर्यंत ते उघडंच राहतं."

दीक्षा विचार करू लागली. उघडंच राहतं… म्हणजे डबा चालू ठेवायचा, विजेच्या वायरीला हात लावायचा नाही आणि माहिती नेणारी वायरींची चपटी पट्टी तेवढी काढून चालत्या डिस्कलाच कॉम्प्युटर जोडायचा! त्या जातीची जुनी पट्टी घेणारा कॉम्प्युटर शाळेच्या प्रयोगशाळेत अडगळीत पडला होता. तिने मुख्याध्यापकांकडून किल्ली मिळवली, डबा रिक्षात घातला आणि सुट्टीच्या रिकाम्या शाळेत जाऊन बसली.

जरा धक्का लागला तर डिस्क कायमची जाणार. तिने श्वास रोखला आणि पट्टी ओढली. डिस्कची घरघर थांबली नाही. पट्टी कॉम्प्युटरला जोडली… आणि पडद्यावर फोल्डर दिसू लागले. शिकताना जपून ठेवलेली पुसलेल्या फोल्डरची प्रत तिने पेनड्राइव्हवरून परत जागेवर ठेवली. सगळं पुन्हा जोडून बटण दाबलं तेव्हा यादी उमटली, आणि त्या रिकाम्या प्रयोगशाळेत दीक्षा एकटीच मोठ्याने हसली. आमोदला तिने एवढंच कळवलं: "उद्या सकाळी घरी या. हातात काही न घेता."

दसऱ्याला मंडळी आली. पेटीवाले रावसाहेब सगळ्यांत पुढे. "जय भीम, धोंडिबा!" पप्पांनी नुसता डावा हात उचलला. आमोद दाराशीच उभा राहिला, खरोखर रिकाम्या हाताने.

दीक्षाने कंट्रोलर पप्पांच्या मांडीवर ठेवला. पप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डावा हात त्याला सवयीने बिलगला आणि त्यांनी उजव्या हाताची बोटं ओढून त्याच्या दुसऱ्या मुठीवर ठेवली. डाव्या अंगठ्याने दांडी हलली. यादी सरकली. एक नाव पुढे गेलं, परत मागे आलं… उजवा अंगठा मोठ्या बटणावर आला. दाबला गेला नाही. पुन्हा. पप्पांच्या कपाळावर घाम आला. राधाबाई पुढे सरकल्या, तसा दीक्षाने त्यांचा हात धरला.

बटण खाली गेलं.

पडद्यावर मांडव, पिवळा उजेड, आणि काळ्याभोर केसांचे धोंडिबा. तो आवाज खोलीत भरला. रावसाहेबांनी नकळत गुडघ्यावर ठेका धरला. ध्रुपद आलं आणि सगळ्यांनी मान वळवून पाहिलं, कारण आवाज आता दोन होते. पप्पा गात होते. बोलताना न सापडणारे शब्द सुराला धरून एकामागून एक येत होते, जाडेभरडे, पण अख्खे. राधाबाईंनी पदर तोंडाला लावला.

गाणं संपलं. कुणी काही म्हणायच्या आत पप्पांनी पुढचं लावलं. मग दाराकडे बघून आमोदला म्हणाले, "उभा… का? पावणा… आहेस?"

हशा पिकला. दीक्षाने डोळे पुसले आणि आमोदला बाहेरच्या सज्ज्यात घेऊन गेली.

"माझं काल जरा—" त्याने सुरुवात केली.

"थांबा. आधी मी बोलणार आहे, मधे बोलू नका." तिने कठडा घट्ट धरला. "मला तुम्ही आवडता. चुकलं म्हणालात आणि निघून गेलात, तेव्हा जास्तच आवडलात. आता डबा झाला, म्हणजे रविवारी यायला मला काही कारण उरलं नाही. म्हणून सांगतेय."

"दीक्षा…"

"मधे बोलू नका म्हटलं ना! मला हेही माहितीये की तुमची पेठ वेगळी, आमचं घर वेगळं. लोक विचारतील. तुमच्या घरीही विचारतील. मी कुठे काही लपवणार नाही आणि मान खाली घालून उभीही राहणार नाही. चालणार असेल तर सांगा. तुमच्या आईंशी मी स्वतः येऊन बोलते."

आमोद तिच्याकडे पाहत राहिला. आत दुसऱ्या गाण्याचं ध्रुपद सुरू झालं होतं.

"नाही," तो म्हणाला. तिचा चेहरा पडायच्या आतच त्याने कठड्यावरच्या तिच्या हातावर हात ठेवला. "आईशी मी बोलणार. तेवढं तरी मला करू दे."

'द्या' नव्हे, 'दे' म्हणाला तो. दीक्षाच्या ते लक्षात आलं आणि कठड्यावरची तिची पकड आपोआप सैल झाली.

"कधी?" तिने विचारलं.

"आत्ता." त्याने फोन लावला. "आई… वारज्याला, दीक्षाकडे. हो, तीच. आई, मला हिच्याशीच लग्न करायचंय… हो, विचार केलाय. नाही, मी जेवायला येत नाही. तूच इकडे ये."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. आमोदने दीक्षाच्या हातावरचा हात काढला नाही. मग सुहासिनीबाई बोलल्या, आणि त्या इतक्या खणखणीत बोलल्या की दीक्षालाही ऐकू आलं, "पत्ता तरी नीट पाठव. मागे एका लग्नाचा पाठवलास तेव्हा कोथरूडभर फिरले होते."

दीक्षा धावतच स्वयंपाकघरात गेली.

"आई, कणीक अजून थोडी मळ," ती म्हणाली. "एक बाई येतायत."