बारा दहाचा अंगठा

"हात लावू नका!"

स्वयंपाकघरातून ऋतुजाचा आवाज असा सणसणत आला, की अंबुबाईचे पुढे झेपावलेले दोन्ही हात जागच्या जागी थिजले... खाटेवर निजवलेली वैजू कडेला सरकत होती, आता पडते की मग पडते अशी गत, आणि सख्खी आजी हातभर अंतरावर उभी असून तिला धरायची सोय नव्हती! ऋतुजा पिठाच्या हातांनी धावत आली, लेकीच्या मानेखाली तळवा घालून तिला उचललं आणि सासूकडे न बघताच आत निघून गेली. अंबुबाईनं आपले रिकामे हात पदरात गुंडाळले.

वैजू म्हणजे वैजयंती, अंबुबाईच्या बिरुदेवची एकुलती एक लेक. येत्या महिन्यात दोन वर्षांची व्हायची, पण अजून मान धरत नव्हती, बसत नव्हती, इवल्या मुठी सदान्‌कदा आवळलेल्या. जन्मली तेव्हा रडलीच नाही पोर! सिझर व्हायला पाच तास उशीर झाला, मेंदूला प्राणवायू पुरला नाही, असं पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि हा उशीर कुणामुळं झाला? तर अंबुबाईमुळं! सोलापूरच्या त्या अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं, ऋतुजाच्या अकलूजच्या माहेराला ठाऊक होतं. ठाऊक असायला काय झालं? म्हातारीनंच भर दवाखान्यात आपल्या तोंडानं कबूल केलं होतं की, सिझर नको असं मीच म्हणाले म्हणून.

खरंच म्हणाली होती का हो ती?

इथंच तर सगळा गुंता होता. दोन वर्षं मनाशी "म्याच, म्याच" असं घोकून घोकून अंबुबाईची आता अशी अवस्था झाली होती, की कधीकधी तिला स्वतःचा आवाजही ऐकू यायचा... पांढऱ्या कपड्यातली सिस्टर समोर उभी आहे आणि आपण हात हलवून 'नको, नको' म्हणतोय! मग ती दचकायची. असं झालं होतं की नव्हतं? बिचारीला काही केल्या उमगत नसे.

झालं होतं ते असं. त्या दिवशी पहाटेपासून ऋतुजाला कळा येत होत्या. दवाखान्यात पुरुषांना वरच्या मजल्यावर मज्जाव. म्हणून बिरुदेव खाली बाकावर आणि अंबुबाई वर बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी. आतून सुनेचं विव्हळणं ऐकताना तिच्या काळजाचं पाणी पाणी होत होतं. उभा जन्म मेंढरांत गेलेला, अडलेल्या शेकडो मेंढ्या तिनं आपल्या हातांनी सोडवलेल्या. लेकरू अडलंय हे तिला दाराबाहेरूनही कळत होतं. दर घटकेला ती विचारी, "बाई, डाक्टरीण कवा येनार?" आणि सिस्टर म्हणे, "फोन केलाय आजी, येतायत." साडेअकराच्या सुमारास मात्र तीच सिस्टर घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आली. बाळाचे ठोके कमी होत होते. "आणि हे काय, बाळाला गुंडाळायला कापडसुद्धा आणलं नाही तुम्ही?"

कापड कुठून असणार? पोटातलं पोर हाती येईपर्यंत त्याच्यासाठी चिंधीसुद्धा जमवायची नाही, अशी त्यांच्या घरची रीत. आणि जन्मल्यावर पहिलं गुंडाळायचं ते आज्याच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरात. आजा, धुळा, केव्हाच देवाघरी गेलेला. पण त्याचं धोतर तिनं पेटीत जपून ठेवलं होतं. ते आणायला अंबुबाई तशीच जिना उतरली. खाली बाकावर बिरू नव्हता. डॉक्टरांच्या केबिनमधे बोलावलं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि ती रिक्षात बसून घरी गेली.

संध्याकाळी पाचला एकदाचं सिझर झालं. लेकरू काचेच्या पेटीत गेलं, धोतर अंबुबाईच्या हातातच राहिलं, आणि मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आम्ही बारालाच सिझर करू म्हणत होतो. तुमच्याच माणसांनी नको म्हटलं, आता आम्ही काय करणार?"

त्याच क्षणी ऋतुजाला स्ट्रेचरवरून बाहेर आणत होते. तिनं ते ऐकलं आणि तिच्या तोंडून जी किंकाळी फुटली... "कुनी? कुनी नको म्हनलं?" बिरूचा चेहरा पांढराफटक पडला. अंबुबाईनं तो चेहरा पाहिला. आपल्याला तर कुणी काही विचारलं नव्हतं. मग ह्यालाच विचारलं असणार! बाकावर नव्हता, केबिनमधे होता... बाजूलाच ऋतुजाचा भाऊ दात-ओठ खात उभा होता. आता ही पोर माहेरी जाणार ती कायमची, संसार मोडणार! आईच्या आंधळ्या मायेला विचार करायला कितीसा वेळ लागतो? ती पुढे झाली आणि म्हणाली, "म्या म्हनलं नको. माजंच चुकलं."

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. दहा मिनिटांत एक कारकून कागद आणि शाईची डबी घेऊन आला. "आजी, तेवढा अंगठा द्या." तिनं दिला. कागदावर काय लिहिलंय, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

तेव्हापासून ती त्याच घरात भाकऱ्या थापत होती, भांडी घासत होती, आणि नातीला लांबून बघत होती. "म्हातारीच्या हट्टापायी पोर गेलं की ओ कामातनं," असं बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची. निदान बिरूचा संसार उभा आहे ना, एवढंच तिच्या जिवाला समाधान.

आणि आज रविवारी, ऋतुजाच्या ओळखीच्या रेश्मा वकीलबाई घरी आल्या होत्या. वैजूला व्यायाम देणाऱ्या ताईंनी जन्माच्या वेळची फाइल मागितली, ती बिरूनं खेटे घालून घालून मिळवली, आणि ती वाचून वकीलबाईंचे डोळे विस्फारले. डॉक्टर पाच तास दवाखान्यात नव्हत्याच! पण सगळं अडलं होतं एका कागदापाशी.

"पोरीला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत तक्रार द्यायला हवी," रेश्मा वकील म्हणाल्या. "तिचे उपचार, तिचं उभं आयुष्य यावर आहे. पण ह्या कागदावर आजींचा अंगठा आहे, नकाराचा. हा खरा असेल तर दावा टिकणार नाही. आजी, नीट आठवून सांगा. तुम्हाला कुणी विचारलं होतं? काय म्हणून विचारलं?"

अंबुबाई गोंधळून गेली. काय सांगावं? मला कुणी विचारलंच नाही असं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग कुणाला विचारलं? आणि तो फास बिरूच्या गळ्यात! मीच नको म्हणाले म्हणावं, तर ह्या निष्पाप लेकराच्या तोंडचा घास जाणार... एक डोळा लेक, दुसरा डोळा नात. कुठला डोळा फोडून घेऊ रे देवा? तिनं बिरूकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

"मला... आटवत न्हाय," ती पुटपुटली.

"आटवत न्हाय?" ऋतुजा उसळली. "माज्या लेकीची मान दोन वर्सं झाली उभी ऱ्हाईना, आन् तुमाला आटवत न्हाय? आत्या, काळीज हाय का दगूड?" सासूला ती पूर्वी आत्याच म्हणे, पण दोन वर्षांत आज पहिल्यांदाच तिनं त्या नावानं हाक मारली, आणि तीही अशी!

अंबुबाई उठली आणि मागच्या दारी पाण्याच्या पिंपांपाशी जाऊन उभी राहिली. पाठोपाठ बिरू आला.

"आये, खरं काय ते सांगून टाक. तुला कोन फाशी देत न्हाय. वैजूसाटी सांग."

आता मात्र म्हातारीचा बांध फुटला. तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"लेकरा, तूच सांग की रं मी काय करू! तू नको म्हनलास, ते मी आजवर कुनाला कळू दिलं न्हाय. तुजा परपंच मोडू नये म्हनून माज्या अंगावर घेतलं. पर आता पोरीचं वाटुळं हुतंय रं..."

बिरूनं हात सोडवून घेतले.

"मी? मी कवा नको म्हनलो?"

"तुला केबिनमंदी बोलावलं हुतं न्हवं, बाराला? बाकावर कुटं हुतास तू?"

"आगं, मला चिठ्ठी दिऊन रगताची बाटली आनाया धाडलं हुतं! मी एक वाजता आलो. मला वाटलं, मी नसताना वर तुलाच इचारलं... तू वरच हुतीस की!"

"मी कुटं वर? मी आज्याचं धोतर आनाया घरी आलते!"

"बाराला?"

"व्हय की वो!" हा आवाज कुंपणापलीकडून आला. शेजारीण नागव्वा तिकडे सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसली होती, आणि खरं सांगायचं तर एकही अक्षर तिनं खाली पडू दिलं नव्हतं. "किल्ली मीच दिली की तिला. चार दिसानं नळ आलता, बाराला सोडतेत पानी आमच्याकडं. म्हनलं अंबक्का, बाळंतिनीला पानी लागतंय, दोन घागरी भरून जा. भरली आनि पळाली. मला काय इसरतंय का त्ये? त्याच पान्यावरनं माजं आनि पलीकडचीचं भांडन झालतं!"

दोन घागरी! त्या दोन घागरींचा सलसुद्धा अंबुबाईनं दोन वर्षं उरात जपला होता; सून तिकडं तळमळत असताना आपण पाणी भरत राहिलो म्हणून. मायलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले. तिनं त्याच्यासाठी अंगावर घेतलं, त्यानं आईचीच चूक म्हणून गिळलं... आणि बाराला त्या दोघांतलं कुणीच तिथं नव्हतं!

"मंग इचारलं कुनाला?" बिरू म्हणाला.

दारात वैजूला कडेवर घेऊन ऋतुजा उभी होती. केव्हाची उभी होती कोण जाणे.

"मी तितंच हुते," ती सावकाश म्हणाली. "आत, टेबलावर. जागी. वरडत हुते, काय बी करा पर लेकराला काडा म्हनून. मला बी कुनी इचारलं न्हाय."

रेश्मा वकील हातात तो कागद घेऊन तिच्यामागे आल्या होत्या. "ह्यावर वेळ लिहिलीय दुपारी बारा वाजून दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "आजी, तुम्ही अंगठा केव्हा दिलात?"

"दिवेलागनीला. पोर पेटीत ठिवल्यावर."

वकीलबाईंनी कागदाची घडी करून फाइलमधे ठेवला. अंबुबाई मात्र मटकन खाली बसली. तिच्या आता कुठं ध्यानात आलं... त्या दवाखान्याच्या माणसांपाशी नुसतं खोटं होतं, त्या खोट्याला अंगठा तिनं दिला होता! तिच्या त्यागाच्या आडोशानं डॉक्टरीणबाई दोन वर्षं सुखानं निजल्या आणि इथं ह्या घरात कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. "म्याच बुडवलं गं पोरीला," ती कपाळ बडवून घेऊ लागली, "मला वाटलं मी घर राकतीया..."

"आत्या!" ऋतुजानं येऊन तिचे हात धरले. तिचा राग गेला होता असं नाही. तो कुणावर करावा हेच तिला कळेनासं झालं होतं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "दोन वर्सं मी तुमाला पोरगीला शिवू दिलं न्हाय. एकदा तरी म्हनायचं हुतं, मी न्हाय म्हनून!"

"मंग तू ह्याला सोडून गेली असतीस की गं."

गेली असती, हे ऋतुजालाही ठाऊक होतं.

वकीलबाईंनी तिथंच ओट्यावर बसून अंबुबाईची हकिगत लिहून काढली, धोतरापासून दोन घागरींपर्यंत. नागव्वानं कुंपणावरून वाकून दोनदा दुरुस्ती सुचवली. पुढे वकीलबाईंनी शाईची डबी काढली, तशी अंबुबाईनं हात मागे घेतला.

"आदी वाचून दावा."

"वाचते आजी," वकीलबाई म्हणाल्या. पण ऋतुजानं कागद त्यांच्या हातून घेतला. ओळीमागून ओळ ती वाचत गेली, अडखळत, हुंदके गिळत... 'मला सिझरविषयी कोणीही काहीही विचारले नाही' इथं आल्यावर ती थांबली आणि तीच ओळ तिनं पुन्हा एकदा वाचली. अंबुबाईनं मान हलवली आणि अंगठा टेकवला.

मग ऋतुजा म्हणाली, "ते मामंजींचं धोतर कुटं हाय?"

पेटीच्या तळातून ते पांढरं, जीर्ण धोतर बाहेर निघालं. ऋतुजानं दोन वर्षांच्या लेकीला त्यात गुंडाळलं आणि सासूच्या पुढ्यात आणलं. "आत्या, घ्या. पर मानेखाली हात..."

सांगायची गरज पडली नाही. मान टाकलेलं कोकरू छातीशी कसं धरायचं, हे अंबुबाईला उभ्या जन्माचं ठाऊक होतं. तिचा तळवा आधीच नातीच्या मानेखाली गेला होता.