हजेरी चुकली म्हणून

अमरनाथशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण हनुमानफळाच्या पानांवरून झालं.

'हजर मंडळी' या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला नुकतंच घेतलं होतं. लातूरच्या उज्वलाताई स्वतः कर्करोगातून उठलेल्या. नांदेड-लातूरकडच्या आमच्यासारख्यांना गोळा करून त्या हा ग्रुप चालवायच्या. मी ग्रुप उघडला तर पहिलाच संदेश असा : हनुमानफळाच्या पानांचा काढा घ्या, केमोची गरज पडणार नाही. पाठवणारा अमरनाथ, रेणापूर.

त्या वेळी नांदेडच्या दवाखान्यात माझ्या डाव्या हाताला सुई होती आणि नळीतून लाल औषध उतरत होतं. मानेतली गाठ, लिम्फोमा. मुखेडच्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. काचेच्या बशीतल्या पेशी मरणं आणि माणूस बरा होणं यांत काय फरक आहे, हे मी उजव्या हाताने त्याला सविस्तर लिहिलं. असलं काही पाठवणाऱ्याला लाज वाटली पाहिजे, असंही लिहिलं.

उत्तर आलं, "मॅडम, खालची ओळ वाचा."

खाली लिहिलं होतं : माझ्या आत्यानं पाठवलंय. मी तिला म्हणलो, पानं तू खा, केमो मी घेतो.

"ही ओळ वर लिहायला हवी होती," मी लिहिलं.

"वर लिहिली असती तर तुम्ही एवढं लांबलचक बोलला असता का?"

मला राग आला. मग लगेच हसू आलं, बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा... ते नर्सलाही दिसलं.

त्याचं रेणापुरात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. त्यालाही लिम्फोमाच झाला होता, आणि माझ्या आधी तो त्यातून बाहेर पडला होता. जेवण लोखंडासारखं लागतं म्हटल्यावर बाकीचे देवाचं नाव घ्यायला सांगत. त्याने ठेचा खायला सांगितला. जीभ बंद पडली की तिला झटका द्यावा लागतो, असं त्याचं शास्त्र. मी म्हटलं, याला पुरावा काय? तो म्हणाला, खाऊन बघा आणि तुम्हीच द्या. मी खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, पण भाकरीला भाकरीची चव आली.

केस मुठीने यायला लागले तेव्हा मी सगळेच काढून टाकले आणि ग्रुपवर फोटो टाकला. घरात कुणाला माझ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तिथे. सगळ्यांनी धीर दिला. अमरनाथने फक्त एवढंच लिहिलं, "आता कान दिसले. चांगले आहेत."

त्या संध्याकाळी मी आरशात माझे कान बघत बसले. बरे होते की खरंच.

ग्रुपचा एक नियम होता. रोज सकाळी प्रत्येकाने 'हजर' लिहायचं. सलग दोन दिवस कुणाची हजेरी पडली नाही आणि फोनही लागला नाही, तर जो सगळ्यात जवळ राहतो त्याने जाऊन बघायचं. उज्वलाताई म्हणायच्या, आपली माणसं उगाच गप्प होत नाहीत.

माझी शेवटची केमो झाली आणि धाकट्या बहिणीचं, शिल्पाचं लग्न जमलं. बाबा गेल्यापासून घर देविदास काका चालवतात. त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, "देगलूरची माणसं हायेत. त्याहीला कळलं तर मोडंल. तुला पोटात अल्सर हाय म्हणून सांगितलंय. तेवढंच बोलायचं."

मी विचारलं, अल्सरने केस जातात का? त्यांनी नांदेडहून आणलेला खोका पुढे सरकवला. आत केसांचा टोप होता, लांबसडक आणि काळाभोर, माझ्या मूळ केसांपेक्षा दाट.

काकांना मधुमेह आहे. आपल्या साखरेचा आकडा ते एसटीतल्या अनोळखी माणसालाही सांगतात. माझा आजार मात्र मी कुठून तरी चोरून आणल्यासारखा लपवायचा होता. करवली म्हणून माझ्या जागी मामाची मुलगी उभी राहणार होती, कारण मी दमेन, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. माझा पेला कधीपासून वेगळा ठेवला जात होता, हे मी विचारलं नाही. आईने टोपाला पिना लावल्या, त्याही माझ्या डोळ्यांत न बघता. शिल्पासाठी मी हे सगळं गिळलं. पण प्रत्येक घोट कशाचा आहे ते ओळखून गिळला.

वऱ्हाड जानवशात उतरलं. तिकडची एक मुलगी फोटो बघायला म्हणून माझा फोन मागायला लागली, तसा काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. ग्रुपचे मेसेज दिसले तर पंचाईत, म्हणाले. दोन सकाळी माझं 'हजर' लिहायचं राहिलं.

हळदीच्या दुपारी ऊन मांडवाच्या कापडातून गाळून येत होतं. नवऱ्या मुलाची आई, लक्ष्मम्मा, बायकांना घेऊन उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. शिल्पा पाटावर बसली होती. मी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर, टोपाखाली घामाने निथळत. जनरेटर मघाशीच बंद पडला होता.

फाटकातून एक उंच, किडकिडीत माणूस आत आला. हातात हेल्मेट, पापण्यांवरसुद्धा धूळ. मेकॅनिकच आला असं समजून काका पुढे झाले. "आलास का? जनरेटर मागं हाय."

"बघतो नंतर," तो म्हणाला. "आधी मॅडम कुठंयत?"

आवाज मी व्हॉइस मेसेजमध्ये शंभरदा ऐकला होता. माझं काळीज असं काही उडालं की अल्सरच असावा... त्याची नजर मांडवभर फिरली, माझ्यावर आली– आणि पुढे गेली.

मला ओळखलं नाही! एवढं बोलून, एवढं भांडून! मी उठून त्याला चार शब्द सुनावणारच होते. मग लक्षात आलं, केसांतली मी त्याने कधी पाहिलेलीच नव्हती.

"कोन मॅडम?" काकांनी विचारलं.

"गीतांजली मॅडम. कॉलेजात शिकवतात. डोक्यावर केस न्हाईत, त्या. दोन दिवस झाले, फोन बंद लागून राहिला. उपचार झाल्यावर असं माणूस गप झालं की भ्या वाटतं."

बायकांचं गाणं तिथेच थांबलं. हळदीची वाटी कुणाच्या तरी हातात तशीच राहिली.

"अशी कुणी हितं न्हाई," काका म्हणाले.

अल्सर मी सोसला होता. टोप सोसला होता, ती खुर्चीही. पण मी तिथे बसलेली असताना, माझ्याच घरात, मी नाहीच? मी पिना काढल्या, एकेक, नीट. टोप मांडीवर ठेवला. उघड्या डोक्याला वारा लागला.

"हजर," मी म्हणाले.

अमरनाथ वळला. आधी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग कानांकडे. हेल्मेट त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि तो खाली, जमिनीकडे बघत हसला.

मागे कुजबुज सुरू झाली. कुणीतरी विचारलंच, मग धाकटीला बी हुईल का. मी वर्गात बोलते त्या आवाजात सांगितलं की हा आजार शिवल्याने होत नाही, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही, आणि बहिणीला झाला म्हणून बहिणीला होतोच असं नाही. काही विचारायचं असेल तर मला विचारा, मी इथेच आहे.

लक्ष्मम्मा उठल्या. आता लग्न मोडलं, असं आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"अय्यो, देविदासराव," त्या म्हणाल्या, "अल्सर म्हणलात तुम्ही. दोन दिवस झाले, मी हिच्यासाठी बिनतिखटाचं वरण करायला लावून राहिले."

मी म्हणाले, "आणि मला ठेच्याशिवाय चव लागत नाही."

त्या हसल्या नाहीत. चांगल्याच चिडलेल्या होत्या, आणि ते मला बरं वाटलं. माझ्या बाजूने चिडलेलं माणूस मी घरात बरेच महिने पाहिलं नव्हतं. मुलाशी बोलून येते म्हणून त्या निघाल्या, तेवढ्यात पाटावरून शिल्पा बोलली. "हळद आक्का लावंल. न्हाईतर मी उठते, मग तुम्ही खुशाल बोलत बसा."

लक्ष्मम्मांनी तिच्याकडे बघितलं, हातातली वाटी माझ्या हातात दिली आणि मग गेल्या. परत आल्या तेव्हा शिल्पाच्या गालांवर माझी बोटं उमटलेली होती. उद्याचा मुहूर्त तोच राहील, एवढंच त्या म्हणाल्या. काकांशी त्या लग्नभर बोलल्या नाहीत. मीही.

अमरनाथ मागे जनरेटरपाशी उकिडवा बसला होता. मी पाणी घेऊन गेले, माझ्याच पेल्यातून. तो एका दमात प्यायला.

"ग्रुपमधले शरणप्पा काका उदगीरला राहतात," मी म्हणाले. "नियमाने ते जवळचे."

"हाव. ते निघालेच होते. मीच म्हणलो, तुम्ही राहू द्या."

"का?"

त्याने पान्याने एक नट उगाच घट्ट केला. "मला तुम्ही जवळ वाटता... म्हणून."

"अंतर वाटण्यावर नसतं. किलोमीटरमध्ये मोजतात."

"मग माझं चुकलं. जाऊ परत?"

"जेवून जा," मी म्हणाले. मग हळदीची बोटं पदराला पुसत म्हणाले, "आणि पुढच्या आठवड्यात माझा स्कॅन आहे. नांदेडला. काय निघेल ते ठाऊक नाही."

"मी येतो."

"नियमात बसत नाही."

"नियम बदलायला उज्वलाताईला सांगतो. त्या माझं ऐकतात. तुमच्यासारखं न्हाई."

त्याने दोरी ओढली. जनरेटर धडधडला आणि मांडवातले पंखे फिरायला लागले. मी आत गेले, सगळ्यांसमोर कपाट उघडलं, साड्यांखालून फोन काढला. तो घेऊन परत बाहेर, त्याच्या शेजारी येऊन उभी राहिले आणि ग्रुपवर लिहिलं, 'हजर.'

त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने तो काढून वाचला, मी कुठेतरी लांबून लिहिल्यासारखा, सावकाश. मग ग्रीसच्या बोटांनी खाली लिहिलं :

'पोचलो. मॅडम ठीक. कान जागेवर आहेत.'