प्रेमलता बसली आहे

होळी झाली आणि आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात मशीन आलं. अठ्ठ्याऐंशी साल होतं. रस्त्याकडल्या खोलीतली गव्हाची कोठी मी उभी राहून हलवून घेतली, कारण मशीनला धूळ चालत नाही आणि उंदीर तर मुळीच नाही, असं मधुकरनं सांगितलं. मधुकर माझा एकुलता एक. कचेरीतली चांगली नोकरी सोडून त्यानं हे मांडलं. एका दूधसंघाच्या गावोगावच्या सभासदांच्या याद्या मशीनवर चढवायच्या आणि छापून द्यायच्या, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या आत. मी गल्लीभर सांगून बसले होते की माझ्या पोरानं घरात कंपूटर आणला. आता मागं फिरायला वाट नव्हती.

मी तिसरी शिकलेली. पण माझ्यापुढं कोणी जास्त शिकल्याचा तोरा मिरवलेला मी चालवून घेतला नाही.

मशीन म्हणजे घरघर करणारा एक मोठा डबा आणि त्याला वायरीनं जोडलेले दोन पडदे. एक डब्यापाशी, मधुकरचा. दुसरा आतल्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून. एकाच डब्यावर दोघं एका वेळी काम करू शकतात, त्याला युनिक्स म्हणतात म्हणे. पडद्यासमोर बसलं की आधी आपलं नाव सांगायचं, मग आपला गुपित शब्द. नाव आधीपासून नोंदलेलं असलं तरच ते आत घेतं. आणि कोण कोण बसलं आहे असं विचारलं तर बसलेल्यांची नावं दाखवतं. हे मला पटलं. तोवर घरात कोण आलं, कोण गेलं, हे विचारणारी मी एकटीच होते.

दुसरा पडदा सुनेसाठी. लग्नाआधी ती कॉलेजात हेच शिकली होती. मधुकरनं तिचं नाव नोंदवलं ते प्रेमलता. माहेरचं.

"हे कोण गा?" मी विचारलं.

"आई, तिले त्याच नावाची सवय हाय."

"सवय मोडासाठीच लग्न होते."

आमच्यात सुनेचं नाव सासू ठेवते. लग्नात तांदळाच्या ताटात मधुकरच्याच अंगठीनं मी 'सुभद्रा' लिहवून घेतलं होतं. त्यानं मुकाट्यानं सुभद्रा हे नाव वेगळं नोंदवलं. सून त्या नावानं बसू लागली. जुनं नाव मशीनमध्ये तसंच पडून राहिलं.

चैत्र तापला तसं मशीन दुपारचं जड चालायला लागलं. एक पान यायला चहा उकळावा एवढा वेळ. मधुकरनं आधी व्होल्टेज पाहिलं. डब्याला हात लावला तर झिणझिण्या येत, म्हणून अंगणात अर्थिंगचा खड्डा खणून मीठ-कोळसा घातला आणि त्यात रोज पाणी ओतायचं काम मला दिलं. तुळशीला तांब्या, खड्ड्याला बादली. झिणझिण्या गेल्या. जडपणा राहिला.

एका दुपारी त्यानं बाहेरून हाक मारली.

"आई, ती आत बसून राहिली का?"

"माझ्यासमोर डाळ निवडून राहिली. काहून?"

"मशीन म्हणते प्रेमलता बसली हाय. आतल्या पडद्यावर."

मी उठून आतल्या खोलीत डोकावले. खुर्ची रिकामी. पडद्यावर हिरवा उजेड. मागं वळले तर सुनेचे हात ताटात थांबलेले. चिमटीत एक खडा धरून ती भिंतीकडं पाहत होती. पापणी हलत नव्हती.

"काय वं, डोळे उघडे ठेवून झोपतं का?"

तेवढ्यात मधुकर बाहेरून म्हणाला, "गेली." तेव्हा तिनं खडा बाजूला टाकला आणि हसली. कॉलेजात जाताना सायकलची चैन कशी पडायची, मग हात काळे करून वर्गात कसं बसावं लागायचं, ते मला सांगू लागली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती आपणहून बोलली.

मधुकरनं त्या नावाचा गुपित शब्द बदलला. वायर बदलली. शेवटी आतल्या पडद्याची वायर उपटून, गुंडाळून खिळ्याला टांगली.

दुसऱ्या दुपारी मशीननं सांगितलं, प्रेमलता बसली आहे. आतल्या पडद्यावर.

या वेळी बटणांचा आवाज मीही ऐकला. भरभर, सराईत बोटांचा. मी दारात पोचले तेव्हा आवाज थांबला होता. खुर्चीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या दबलेल्या होत्या. माझ्यासमोर त्या हळूहळू वर आल्या, कोणी नुकतं उठावं तशा.

स्वयंपाकघरात तव्यावर पोळी जळत होती आणि सून तिच्याकडं पाहत उभी होती. मी हाताला धरून हलवलं तेव्हा ती भानावर आली. मग दिवसभर गुणगुणत राहिली. मला राग आला. मला न विचारता माहेरी जाऊन आल्यासारखा तिचा चेहरा होता.

सीताबर्डीहून चंपतरावांना बोलावलं. मशीन त्यांनीच बसवून दिलं होतं. त्यांनी डबा उघडला, झाडला, पुन्हा लावला. दोष सापडला नाही. शेजारच्या इंदुताई मजा पाहायला येऊन बसल्या होत्या. चंपतराव चष्मा पुसत मला म्हणाले, "माय, ह्या प्रेमलताबाई कोण हो तुमच्या घरच्या?"

इंदुताईंनी माझ्याकडं पाहिलं. सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"आमच्या घरात या नावाचं कोणी नाही," मी म्हणाले.

ट्रेमधला कप वाजलासुद्धा नाही.

"मंग पुसून टाका," चंपतराव म्हणाले. "बिनमालकाचं नाव मशीनमधी ठेवू नये."

मधुकर उठला. "आई, तिले एकदा विचारू दे."

"काय विचारतं? एका पोराले दोन बायका असते का?"

इंदुताई हसल्या. मधुकरनं बायकोकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पदर सारखा केला आणि चहाचा कप उचलला.

मशीननं विचारलं, नावाबरोबर तिचं जे जे असेल तेही काढायचं का? मधुकरनं वाचून दाखवलं. मी चहा पीत राहिले. त्यानं बटण दाबलं.

काही झालं नाही. मशीन हवेसारखं चालू लागलं. याद्या छापून गेल्या. आता सांगताना लाज वाटते, पण मला त्या दिवसांत फार बरं वाटलं. सून डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. गुणगुणणं बंद. विचारल्याशिवाय शब्द नाही. इंदुताई गल्लीत माझं नाव घेऊन सांगत होत्या, सून वळवावी ती जिजाबाईनं.

मधुकरनं आतल्या पडद्याची वायर पुन्हा जोडली आणि तिला बसायला सांगितलं. ती पदरात हात गुंडाळून उभी राहिली. "मले नाही येत," म्हणाली.

"रुसली असन," मी मधुकरला म्हणाले. "होईन नीट."

आखाजीला तिचे आईवडील तिला न्यायला कन्हानहून आले. वडिलांच्या, दादाजींच्या हातात आंब्यांची पेटी. यमुताई चप्पल काढतानाच म्हणाल्या, "प्रेमा, किती वाळली वं!" आणि तिला जवळ ओढायला गेल्या.

ती अदबीनं मागं सरकली. पाणी दिलं. दोघांच्या पाया पडली. चहा आणून ठेवला. मग माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"बॅग भरली का वं?" दादाजींनी विचारलं.

तिनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"आई, मले काहून पाठवता? मी या दोघायले ओळखत नाही."

दादाजी हसले. मग थांबले.

मधुकर बाहेरच्या खोलीतून उठून दारात आला. मी तोंड उघडलं. पोरगी थट्टा करून राहिली, एवढंच म्हणायचं होतं.

यमुताई उठल्या. तिचा हात हातात घेऊन त्यांनी बांगड्या वर सारल्या. मनगटाच्या आतल्या अंगाला भाजल्याचा जुना डाग होता. त्या त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. तिनं फिरवू दिला, पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून.

यमुताई आवाज न करता रडू लागल्या. माझी मान वर होईना.

सून माझ्या कानाशी वाकली. त्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, चांगल्या घरच्या सुनेनं विचारावं तसं तिनं विचारलं,

"आई, त्या बाई काहून रडून राहिल्या? चहात साखर कमी पडली का?"