एक हाक लांब

त्या दिवशी मी कॉलेजात गेले ती फक्त आमचा गेम सुरू करून द्यायला. नवी मुलं येणार होती, आणि ज्यानं तो करायला घेतला तो सत्यम आता नव्हता. म्हटलं, निदान त्याचं एवढं तरी पुरं व्हावं.

गेम साधाच हो, ब्राउझरवर चालणारा. कॉलेजातल्या एखाद्या जागेचा फोटो दिसतो, ती ओळखून नकाशावर क्लिक करायचं. चुकलात तर किती लांब आहात ते कळतं. पण आमच्या शहाण्याला मीटर मंजूर नव्हते! टाकवे गावचा ना तो. त्यांच्याकडे शेत एका हाकेवर, विहीर दोन हाकांवर. मी म्हटलं, अरे, हाक म्हणजे नक्की किती? तर हा बाबा गेटपाशी उभा राहून माझ्या नावानं ‘कौमेऽ’ म्हणून ओरडत राहिला, आणि ऐकू येईनासं होईपर्यंत मी चालत गेले. अख्खं कॉलेज हसत होतं. जिथं त्याचा आवाज जेमतेम पोचला, ती एक हाक. मी भयंकर चिडले होते. आतून किती सुखावले होते ते सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या श्रावणात कॉलेजमागच्या दरीकडचा फोटो काढायला तो एकटाच गेला. धुक्यात पाय घसरला. तो सापडला, फोन नाही सापडला.

टाकव्याला त्याच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्याच्या आईनं, सरूमावशींनी, मला जवळ बसवलं. त्यांना आमचं सगळं ठाऊक होतं. निघताना हात धरून म्हणाल्या, “पोरी, कुटं एकटी असलीस आन कुनी एकच हाक मारली, तर ओ देऊ नगंस. जित्या मानसाची दुसरी हाक येतीच.” मी ‘बरं मावशी’ म्हटलं आणि लोणावळ्यापर्यंत रडत आले.

तर त्या दुपारी लॅबमध्ये मी एकटी. दुसरा मजला. बाहेर धुकं असं दाटलेलं की भरदिवसा दिवा लावावा लागला. खोलीत कुबट, ओला वास. मी एकेक फोटो तपासत होते. सगळे ओळखीचे, आणि मग एक असा आला जो आम्ही घातलाच नव्हता. पांढरं धुकं, ओलं गवत, दरीचा काठ.

त्याच्या फोनवरचे फोटो थेट गेममध्ये यायचे. माझं क्लिक भलतीकडेच झालं, नकाशावरच्या आमच्या लॅबवर.

‘तीन हाका लांब.’

पुढचा फोटो आपोआप आला. कॅन्टीनची मागची भिंत, धुक्यात. या वेळी मी मुद्दाम लॅबवरच क्लिक केलं. ‘दोन हाका लांब.’ मग वाचनालयाचा व्हरांडा. त्यापलीकडे धुक्यात आमची इमारत पुसट दिसत होती, आणि तिच्या एकाच खिडकीत दिवा होता.

‘एक हाक लांब.’

मी श्वास रोखून बसले. पंखाही बंद होता. आणि खालून, जेमतेम पोचेल इतकी...

“कौमेऽ...”

देवाशप्पथ, त्याचाच आवाज. मावशींचे शब्द आठवले. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले. ये ना रे... अजून एकदाच. किती वेळ गेला कोण जाणे. दुसरी हाक आली नाही.

आता तुम्ही मला वेडी म्हणा. ती पुन्हा कधीच येणार नव्हती हो. मला राहवलं नाही.

“ओ...”

मी ओ दिली. पुढचा फोटो आला. त्यात आमची खिडकी होती, बाहेरून काढलेली. काचेतून माझी पाठ, माझी वेणी, समोरचा संगणक. दुसरा मजला तो, तिथं उभं राहायला साधा सज्जासुद्धा नाही.

मावशींना यातलं काही सांगू नका. आणि हा घ्या माझा फोन, गेम उघडलाय. फोटो कुठलाही येऊ दे, क्लिक कुठंही करा. माझ्या फोनवर उत्तर एकच येतं.

‘शून्य हाका लांब.’