करवतीचा घास

पाऊस चुकवायला मी ज्या छपराखाली शिरले, ते सुताराचं दुकान निघालं. आत एक तरुण रंधा मारत होता, केसांत भुसा.

‘आत या. ओलीत उभं राहिलं की चांगलं लाकूडसुद्धा फुगतं.’

‘मी लाकूड दिसते का?’

‘चांगलं म्हणालो की...’ तो पुटपुटला.

मी चौथीला शिकवते. माझ्या वर्गाचं ठाम मत होतं, तीन छेद सहा हे अर्ध्यापेक्षा मोठं. आकडे मोठे ना! सोमवारी मुख्याध्यापिका माझा तास बघणार होत्या, त्यावर माझी नोकरी कायम होणार की नाही ते ठरणार होतं. मी तिथेच काम सांगितलं: सारख्या लांबीच्या पट्ट्या, एकीचे दोन तुकडे, एकीचे सहा.

शुक्रवारी अर्ध्या तुकड्याशेजारी तीन षष्ठांश लावून पाहिले. चांगले चार मिलिमीटर कमी!

‘करवत खाते, बाई. दर कापाला एक घास.’ त्यानं गंभीरपणे मान हलवली. ‘उद्या या, दुसरे करतो.’

शनिवारी पुन्हा तेच. माझा आवाज चढला. ‘मुलं म्हणतील, बाई खोटं शिकवतात!’

कोपऱ्यात पॉलिश करणारे त्याचे वडील हसू लागले. ‘बाई, करवत किती खाते हे याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक आहे. विचारा त्यालाच.’

तो कानापर्यंत लाल झाला. खणातून त्यानं कागदात गुंडाळलेला संच काढला. ‘गुरुवारीच तयार होता... पण दिला असता, तर तुम्ही परत आला असतात?’

‘आणि माझी नोकरी?’

‘सोमवारी घंटेआधी शाळेच्या दारात उभा राहिलो असतो. शप्पथ!’

मी तीन षष्ठांश अर्ध्यावर ठेवले, कडेवरून बोट फिरवलं. कुठेच अडलं नाही. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला तो फार आवडला.

सोमवारी मुलांनी आपल्या हातांनी तुकडे जुळवले. ‘बाई, नाव वेगळं, पण लांबी तीच!’ मागच्या बाकावरून एक जण ओरडला. मुख्याध्यापिका हसल्या. नोकरी कायम झाली.

संध्याकाळी मी दुकानात गेले. तो रंधा ठेवून उभा राहिला. ‘आता... काही कमी नाही ना?’

‘नाही. पण तिसरीच्या वर्गालाही एक संच हवाय. मुळीच घाई नाही.’ मी दारापर्यंत जाऊन वळले. ‘आणि हो, पहिल्या खेपेला बरोबर आला, तर मी घेणार नाही.’